तान्ह्या बाळाचे फोटो: घरी काय तयारी ठेवायची

फोटोग्राफरला पहिला फोन बाळंतपणाआधीच करायचा, आठवा महिना लागला की. तारीख पक्की करू नका, डॉक्टरांनी दिलेली तारीख तेवढी सांगून ठेवा. बाळ झालं की फोटोग्राफरला कोण कळवणार, हेही तेव्हाच ठरवा. हे काम मावशीकडे किंवा आत्याकडे द्या. बाबा त्या दिवशी दवाखान्याच्या धावपळीत असतो आणि हा निरोप हमखास राहून जातो.

पाय पोटाशी घेऊन गाढ झोपलेल्या बाळाचे फोटो बहुतेक पाचव्या ते चौदाव्या दिवसातले असतात. तेव्हा बाळ खूप झोपतं आणि अंग अजून पोटातल्यासारखं दुमडलेलं असतं. पुढे ते हातपाय ताणायला लागतं, गालांवर बारीक पुरळही येतो. आपल्याकडे नेमकी याच दिवसांत पाचवीची पूजा असते, सोयर असतं आणि बाराव्या दिवशी बारसं. तेव्हा आधी आजीशी बोला. सोयरात बाहेरचं माणूस आलेलं चालत असेल तर आठवा-नववा दिवस छान. चालत नसेल तर अकराव्या दिवशीची सकाळ धरा. बारशाच्या दिवशी मात्र हे फोटो ठेवू नका. त्या दिवशी बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं आणि संध्याकाळपर्यंत दमून किरकिरं होतं. घरच्यांना सव्वा महिन्यानंतरच हवं असेल तर वाद घालू नका. डोळे उघडून तुमच्याकडे बघणाऱ्या बाळाचे फोटो मला तरी झोपलेल्याइतकेच मोलाचे वाटतात. फक्त दीड महिन्याच्या लशीनंतरचे दोन-तीन दिवस सोडा.

बाळ दिवस भरायच्या आधी झालं असेल, वजन कमी असेल किंवा कावीळ रेंगाळली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका. त्वचेवरची पिवळी छटा फोटोत नंतर दुरुस्त करता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: त्या दिवसाची वेळ बाळाच्या अंघोळीवरून ठरवा. मालीश, अंघोळ, शेक झाला आणि पोटभर दूध मिळालं की बाळ जे झोपतं, ती झोप दिवसभरातली सर्वांत गाढ. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींची वेळ फोटोग्राफरला सांगा आणि फोटोग्राफरला त्यानंतर तासभर उशिरानेच बोलवा. उलटं करायला गेलात, म्हणजे फोटोग्राफर सकाळी नऊला येणार म्हणून मावशींना सातला बोलावलं, तर बाळाचा सगळा दिवस विस्कटतो. मावशींना आदल्या दिवशीच तीन गोष्टी सांगा. तेल कमी लावा, कारण खिडकीच्या उजेडात कपाळ आणि नाक चमकतं. मान, काखा आणि जांघा नीट पुसा. डाळीच्या पिठाचे कण घड्यांत राहतात आणि जवळून काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसतात. काजळ डोळ्यांत अजिबात नको, ते डॉक्टरही नको म्हणतात. तीट लावायचीच असेल तर ती फोटो झाल्यावर लावा, नाहीतर ती दुपट्यावर आणि आईच्या खांद्यावर पुसली जाते. धुरी त्या दिवशी देऊ नका.

खोली निवडताना मोठी खोली शोधू नका, मोठी खिडकी शोधा. साधारण दहा ते बारा या वेळात जिथे थेट ऊन न येता भरपूर उजेड येतो ती खोली घ्या. हिरवे-निळे पडदे असतील तर काढून ठेवा, त्यांचा रंग बाळाच्या गालावर उतरतो. पांढरी चादर किंवा जुनं धोतर लावलं तरी चालेल. ट्यूबलाइट आणि पिवळे दिवे बंद ठेवा. बाळ कमी कपड्यांत असणार असेल तर खोलीत २६-२७ अंश ऊब हवी. म्हणजे पंखा बंद आणि मोठ्यांना घाम, हे धरूनच चाला. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर अर्धा तास आधी लावा आणि बाळापासून लांब ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात उलटं. तिथे कूलरचा झोत थेट बाळावर येऊ देऊ नका आणि सकाळी लवकरच उरका. कोकणातल्या पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत, म्हणून आठवडाभर आधी धुऊन, इस्त्री करून पिशवीत बांधून ठेवा.

कपड्यांसाठी बाजारात जायची गरज नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी, मलमलचं दुपटं, कुंची आणि एक साधं झबलं पुरेसं आहे. घरात सूप असेल तर तेही काढा, पण काठाच्या काड्या टोचत नाहीत ना ते हात फिरवून बघा आणि आत जाड घडी घाला. पैठणी वापरायची असेल तर ती मागे किंवा खाली पसरा आणि बाळाच्या गालाखाली मलमल घ्या, जरीकाम खरखरीत असतं. चांदीचे वाळे घालण्याआधी तळहातात धरून कोमट करा. गार वाळा पावलाला लागला की झोपलेलं बाळ दचकतं. लंगोट आणि बाळुती नेहमीपेक्षा दुप्पट काढून ठेवा. गळ्यात दोरा किंवा माळ फोटोपुरतीसुद्धा नको.

फोटोग्राफरला आधीच विचारा: सोबत मदतनीस आहे का, आणलेली कापडं धुतलेली असतात का, सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकलाल का. तळव्यांवर हनुवटी टेकवलेल्या बाळाचा फोटो तुम्हाला आवडला असेल, तर तो कसा काढतात तेही विचारून घ्या. तो दोन फोटो जोडून बनवतात, आणि दोन्हीत कुणाच्या तरी हाताने बाळाचं डोकं किंवा मनगटं धरलेली असतात. ‘हात लावायची गरज नाही’ असं कुणी म्हणालं तर तो फोटो सोडून द्या. बाळाची पावलं जांभळट दिसली की लगेच स्थिती बदलायला सांगा. तो हक्क तुमचा आहे. फोटो जाहिरातीत किंवा नेटवर टाकायचे की नाहीत, ते लेखी ठरवा.

आईची तयारी बहुतेक याद्यांत शेवटी येते, आणि मग ती फोटोतच नसते. पुढून उघडणारा, फिक्या रंगाचा सुती कुर्ता काढून ठेवा. सिझेरियन झालं असेल तर हात टेकायची खुर्ची आणि पाठीला उशी हवीच. जमिनीवर बसायला लावू नका. आईचे फोटो सुरुवातीलाच घ्या, ती ताजी असताना. बाबाने नखं कापावीत, घड्याळ काढावं, सेंट मारू नये. मोठा दादा किंवा ताई असेल तर त्यांचेही फोटो आधी आणि मग मामाबरोबर बाहेर. खोलीत बाकी कुणी नको. आजी मात्र हवी, कारण रडणारं बाळ तिच्याच खांद्यावर शांत होतं.

एकूण तीन-चार तास धरा. त्यातला बराचसा वेळ दूध पाजण्यात आणि निजवण्यात जातो. दूध मागितलं की कॅमेरा खाली. अर्धा तास समजूत घालूनही रडणं थांबलं नाही तर त्या दिवशी थांबा. म्हणूनच जादा पैसे न घेता दुसऱ्या दिवसाची वेळ मिळेल का, हे फोटोग्राफरला आगाऊ रक्कम देण्याआधीच विचारून ठेवा.