घरातल्या जुन्या लष्करी तलवारीची किंमत कशी ठरवावी

कोल्हापूर परिसरातल्या जुन्या घरांतून खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर निघणाऱ्या तलवारी बहुधा दोन जातींच्या असतात : कटोरीची, म्हणजे वाटीसारख्या तबकडीची मूठ आणि परज, म्हणजे बोटांचे रक्षण करणारी पट्टी असलेल्या मराठा बनावटीच्या, आणि संस्थानी किंवा इंग्रजी फौजेतल्या नोकरीमुळे घरात आलेल्या ब्रिटिश नमुन्याच्या. दोन्हींची किंमत ठरण्याची कारणे वेगळी असल्यामुळे आपल्या हातात नेमके काय आहे हे समजेपर्यंत कोणालाही आकडा विचारू नये.

त्याआधी तलवार घासू नये. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर किंवा भांड्यांची पावडर वापरून पाते लख्ख केले, की त्यावरची अक्षरे, सोन्याची बारीक कोफ्तगिरी (पोलादावर ठोकून बसवलेली नक्षी) आणि पोलादातला जौहर (लहरीदार पोत) झिजतो आणि जाणकाराच्या लेखी निम्मे मोल तिथेच जाते. कुंकवाचा ओलावा मऊ कापडाने टिपावा, पात्यावर तेलाचा हलका हात फिरवावा आणि आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेऊन तलवार चामड्याच्या म्यानात कोंडून ठेवू नये. मूठ हलत असली तरी ती तापवू नये, कारण देशी मुठीत पाते लाखेसारख्या चिकट द्रव्याने बसवलेले असते.

मग भिंग घेऊन, तिरप्या उजेडात पात्याची पाठ, खजाना, म्हणजे पात्याचा मुठीलगतचा भाग, आणि परजेच्या दोन्ही बाजू सावकाश पाहाव्यात. ब्रिटिश तलवारीवरची राजमुद्रा काळ सांगते : व्ही.आर. (राणी व्हिक्टोरिया) असल्यास 1837 ते 1901, सातव्या एडवर्डची असल्यास 1901 ते 1910, पाचव्या जॉर्जची असल्यास 1910 ते 1936. विल्किन्सन कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठीच्या बऱ्याच तलवारींच्या पाठीवर अनुक्रमांक असतो आणि कंपनीच्या जुन्या नोंदवह्यांवरून विक्रीचे वर्ष, क्वचित पहिल्या मालकाचे नावही मिळू शकते. मुकुटाखाली अक्षर आणि आकडा असा बारीक ठसा तपासनिसाचा असतो, तर मुठीवर ठोकलेली अक्षरे आणि आकडे बहुतेकदा पलटणीचे असतात. घोडदळाच्या शिपायाला दिलेली 1908 च्या नमुन्याची सरळ, भोसकण्यासाठी घडवलेली तलवार मोठ्या संख्येने तयार झाली होती, त्यामुळे केवळ जुनी म्हणून तिला फार भाव येत नाही. हीच तलवार ठरावीक पलटणीची असल्याचे ठशांवरून सिद्ध झाले, तर गोष्ट बदलते.

मराठा तलवारीत पाते युरोपातले आणि मूठ इथली आढळली, तर ती जोडकाम केलेली बनावट आहे असे लगेच समजू नये, कारण फिरंग म्हणतात त्या तलवारीची मूळ रचनाच तशी असते. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार हे याचे ताजे उदाहरण आहे. एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने ती सुमारे 47 लाख 15 हजार रुपयांना मिळवली. तिचे पाते युरोपीय आहे, पण पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव आहे. तशाच बनावटीच्या, पण निनावी फिरंगेला या भावाच्या जवळपासही कोणी जाणार नाही.

म्हणून घरातली आख्यायिका कितीही रसाळ असली तरी किंमत कागदावर ठरते. पणजोबा शाहू महाराजांच्या फौजेत होते, या सांगण्याला सनद, नेमणुकीचे पत्र, पेन्शनचे कागद किंवा ही तलवार कमरेला असलेले छायाचित्र जोडता आले, तरच त्याचा उपयोग होतो. याउलट मुठीत वेल्डिंगची रेघ, ओतकामाची शिवण किंवा न गंजणारे स्टील दिसले, तर ती लग्नात नवरदेवाच्या हाती द्यायची आधुनिक तलवार समजावी.

तुलनेसाठी टाऊन हॉलमधले संग्रहालय आणि न्यू पॅलेसमधला शस्त्रविभाग पाहून यावे, म्हणजे मुठींचे प्रकार डोळ्यांत बसतात. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, चांदीच्या मुठीचे वजन करून सांगितलेला भाव हा चांदीचा असतो, तलवारीचा नव्हे. तलवार घेऊन गावभर फिरण्याचे कारण नाही आणि शस्त्रबंदीचे आदेश लागू असताना ते अंगाशीही येऊ शकते. आधी संपूर्ण तलवार, दोन्ही बाजू, मूठ आणि प्रत्येक ठसा यांची फूटपट्टीसह छायाचित्रे काढून, पात्याची लांबी, रुंदी आणि एकूण वजन लिहून जाणकाराकडे पाठवावे. शस्त्र बाळगण्याविषयी शंका असल्यास पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्यावे.

भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम धरू नये, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली धरावी. परदेशी आकडेही तसेच्या तसे लावता येत नाहीत. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, त्यामुळे आपला ग्राहक देशातलाच असणार. मूल्यांकन विम्यासाठी हवे, वाटणीसाठी की विक्रीसाठी, हे सुरुवातीलाच सांगावे, कारण विम्याचा आकडा बहुधा चढा असतो. ते तारखेसह लेखी घ्यावे, आणि मूल्यांकन करणाराच खरेदीला तयार झाला, तर व्यवहारापूर्वी दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यावे.