बॉबकॅट फीव्हर: आर्कान्सात मांजर पाळणाऱ्यांनी काय करायचं

बेंटनव्हिलला राहायला आलो तेव्हा टॉर्नेडोचा भोंगा वाजला की घरात कुठे जाऊन बसायचं, हे शेजाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. गोचिडांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात आमची मांजर चिंगी मरता मरता वाचली. इथे आता मराठी घरं बरीच झालीत आणि त्यातल्या कितीतरी घरांत मांजर आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

रोगाचं नाव सायटॉक्सझूनोसिस. बोलीत बॉबकॅट फीव्हर. १९७६ मध्ये शेजारच्या मिझुरीतून त्याची पहिली नोंद झाली. रोगाचा परजीवी बॉबकॅट या रानमांजराच्या रक्तात राहतो आणि बॉबकॅट बहुतेक वेळा धडधाकट असतो. लोन स्टार जातीचा गोचीड त्याचं रक्त पितो, कात टाकतो आणि पुढच्या खेपेला आपल्या मांजराला चिकटतो. या जातीच्या मादीच्या पाठीवर एकच पांढरा ठिपका असतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही. पाळीव मांजरात हा परजीवी आधी पांढऱ्या पेशींत शिरून त्या फुगवतो. त्या फुगलेल्या पेशी फुप्फुस, यकृत, प्लीहा इथल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तांबड्या पेशींत तो जरा उशिरा दिसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परजीवी मांजराच्या अंगात उतरायला गोचिडाला साधारण दीड-दोन दिवस चिकटून राहावं लागतं. म्हणजे रोज तपासलं तर आपण वेळेत असतो. मी रात्रीची भांडी आवरली की चिंगीला मांडीवर घेते आणि केसांच्या उलट्या दिशेने बोटं फिरवते. कानांच्या मागे आणि आत, हनुवटीखाली, मानेभोवती, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. गोचिडाची पिल्लं तिळापेक्षाही लहान असतात, त्यामुळे डोळ्यांआधी बोटांना लागतात. सापडला की टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत पकडायचा आणि न पिळता सरळ, सावकाश ओढायचा. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काहीही नको. माझे आजोबा गाईच्या अंगावरचे गोचीड हाताने उपटून दगडाने चिरडायचे. इथे तसं करू नका. बॉबकॅट फीव्हर माणसाला होत नाही, पण लोन स्टार गोचिडाकडून माणसाला दुसरे आजार होतात. त्याच्या चाव्यानंतर काहींना मटणाचीच ॲलर्जी सुरू होते. काढलेला गोचीड रबिंग अल्कोहोलच्या बाटलीत टाकायचा आणि हात धुवायचे.

गोचिडाचं औषध वर्षभर, एकही महिना न चुकवता. आमची चूक इथेच झाली. चिंगी घरातलीच, फार तर जाळीच्या पोर्चमध्ये बसणारी, म्हणून एप्रिलचा डोस राहून गेला. गोचीड कुत्र्याच्या अंगावरून येतो, आपल्या पँटला चिकटूनही येतो. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन ही कीटकनाशकं असलेल्या गळ्यातल्या पट्ट्याने या रोगाचा संसर्ग रोखला जातो, हे प्रयोगात दिसलं आहे. मानेवर टाकायचे थेंबही मिळतात. तुमच्या मांजराला काय, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पण कुत्र्याचं औषध मांजराला कधीच लावू नका. त्यात बहुधा पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

लक्षणं चाव्यानंतर साधारण दीड-दोन आठवड्यांनी दिसतात, आणि मग सगळं फार झपाट्याने होतं. चिंगीने बुधवारी रात्री खाणं टाकलं आणि ड्रायरच्या मागे जाऊन बसली. गुरुवारी सकाळी डोळ्यांवर तिसरी पापणी आली होती, अंग तव्यासारखं तापलेलं. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तिचं १०५.८ होतं. पहिल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊन उद्या बघू म्हटलं. संध्याकाळी तिच्या कानाची आतली बाजू हळद लावल्यासारखी पिवळी दिसली आणि आम्ही इमर्जन्सीला धावलो. उद्याची वाट पाहू नका. शेवटी शेवटी तापमान नेहमीपेक्षा खाली घसरतं, तेव्हा ताप उतरला असं समजून निर्धास्त होऊ नका, ती सगळ्यात वाईट खूण असते. आणि घरातली क्रोसिन किंवा टायलेनॉल चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

दवाखान्यात रोगाचं नाव आपणच घ्यायचं, गोचीड कधी दिसला तेही सांगायचं. रक्ताची काच (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली लगेच तपासायला सांगा. काच स्वच्छ निघाली तरी रोग नाही असं होत नाही, कारण तांबड्या पेशींत परजीवी उशिरा येतो. अशा वेळी प्लीहेतून किंवा लसिकाग्रंथीतून सुईने नमुना घेतात आणि पीसीआरला, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला, रक्त पाठवतात. पीसीआरचा निकाल यायला वेळ लागतो, तोवर उपचार थांबवायचे नाहीत.

उपचार म्हणजे ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही दोन औषधं, १० दिवस. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या जोडीवर ६० टक्के मांजरं वाचली, इमिडोकार्ब या जुन्या औषधावर २६ टक्के. ॲटोव्हाक्वोन माणसांचं औषध आहे, महाग आहे, आणि प्रत्येक दवाखान्यात ते नसतं. म्हणून मार्चमध्येच फोन करून विचारून ठेवा: तुमच्याकडे आहे का, नसेल तर कुठल्या फार्मसीत मिळेल? माझा नवरा त्या रात्री तीन फार्मस्या फिरला. ते तास मला अजून आठवतात.

ॲटोव्हाक्वोन म्हणजे दाट, पिवळाजर्द द्रव. चार किलोच्या चिंगीला दर आठ तासांनी ०.४ मिली, सिरिंजने: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. (तुमच्या मांजराचा डोस वजनावरून डॉक्टर ठरवतील.) स्निग्ध खाण्याबरोबर ते अंगी जास्त लागतं. ती खातच नव्हती, म्हणून डॉक्टरांनी मानेतून अन्ननळीत नळी बसवली, खाणं-औषध त्यातूनच. नळीला घाबरू नका. धरून तोंड उघडायची झटापट या अवस्थेत जास्त धोक्याची. सलाइन, ऑक्सिजन लागतात, काहींना रक्त चढवावं लागतं. औषध सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस मांजर आणखी खालावू शकतं. आमचं तसंच झालं. तिसऱ्या रात्री तिने माझ्या बोटावरचं ट्यूनाचं पाणी चाटलं, तेव्हा मी रडले.

घरी आणल्यावर तिला एका शांत खोलीत ठेवा, उड्या मारू देऊ नका. ॲनिमिया रेंगाळतो, त्यामुळे डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त पुन्हा तपासा. वाचलेल्या मांजराच्या रक्तात परजीवी पुढेही राहू शकतो. तिच्यापासून घरातल्या दुसऱ्या मांजराला थेट लागण होत नाही, पण तिचं रक्त प्यालेला गोचीड शेजारच्या मांजरापर्यंत रोग नेऊ शकतो. म्हणून चिंगीच्या औषधाची तारीख आता फ्रिजवर लाल पेनने लिहिलेली असते, आणि पोर्चचं दार बंद.