हायब्रिडचं मायलेज घसरलं? बॅटरीला दोष देण्याआधी या चुका टाळा

हायब्रिड गाडी शेवटी पेट्रोलवरच चालते. बॅटरी फक्त इंजिनाला सोयीच्या वेळी काम करू देते, म्हणून मायलेज घसरलं तर आधी ज्वलनाकडे बघा.

हायरायडर, ग्रँड विटारा, हायक्रॉस या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (म्हणजे काही अंतर नुसत्या बॅटरीवर चालू शकणाऱ्या प्रकारात) ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन असतं. पिस्टन वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) काही वेळ उघडा राहतो. त्यामुळे हवा-इंधनाचं मिश्रण दाबणं कमी होतं, प्रसरण जास्त मिळतं आणि उष्णता कमी वाया जाते. हा फायदा मध्यम भारावर सर्वाधिक मिळतो.

म्हणूनच इलेक्ट्रिकवर चालवण्याच्या हट्टापायी पेडल अगदी हलकं दाबत रांगणं तोट्याचं ठरतं. बॅटरी उतरते, मग ती भरायला इंजिन चालतं आणि ऊर्जेच्या प्रत्येक रूपांतरात थोडी गळती होते. त्यापेक्षा मीटरचा काटा ‘पॉवर’ पट्ट्यात न जाऊ देता नेटाने वेग घ्या, मग पाय सैल करा. इंजिन बंद पडेल. दोन-तीन किलोमीटरच्या चकरा एकत्र करा, कारण थंड इंजिन आणि कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) तापवण्यातच बरंच पेट्रोल जातं.

ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. तिथे ०डब्ल्यू-१६ हे पातळ ऑईल असेल तर ‘जाड बरं’ म्हणून २०डब्ल्यू-४० ओतू देऊ नका. वारंवार बंद-चालू होणाऱ्या इंजिनात घर्षण वाढतं. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडेही भरू नका. जादा ऑईलची वाफ इनटेकमध्ये जाते आणि ईजीआरच्या (एक्झॉस्टचा, म्हणजे जळलेल्या वायूंचा, काही भाग परत इंजिनात नेणाऱ्या यंत्रणेच्या) काजळीत मिसळून चिकट थर धरते.

हा थर सर्वांत घातक. ईजीआर थोडा थंड केलेला एक्झॉस्ट पुन्हा सिलिंडरमध्ये पाठवतो, त्यामुळे ज्वलनाचं तापमान आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) आटोक्यात राहतं. २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये ईजीआर कूलर आणि मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांची) बारीक भोकं तुंबण्याची तक्रार जगभर झाली. लक्षणं अशी: सकाळी सुरू होताना काही सेकंद थरथर, कधी पी०४०१ कोड (ईजीआरचा प्रवाह कमी असल्याची गाडीच्या संगणकातली नोंद). कूलंटही कमी होत असेल तर आधी हेड गॅस्केट (सिलिंडरच्या डोक्याखालचं सील) तपासून घ्या, नुसती सफाई पुरणार नाही.

सफाई करायची तर व्हॉल्व्ह, पाइप, कूलर आणि मॅनिफोल्ड चारही उतरवा; नुसत्या व्हॉल्व्हवर स्प्रे मारून काही होत नाही. कूलरच्या धुराच्या वाटेतून पाणी सरळ वाहायला हवं. सुकवून नवी गॅस्केटं बसवा, कूलंट भरून हवा काढा. गाडी ‘रेडी’वर असताना बॉनेटखाली हात घालू नका, इंजिन कधीही आपोआप सुरू होतं.

गिअरमधला ‘बी’ मोड (इंजिनाच्या ओढीने वेग रोखणारा) घाटाच्या उतारासाठी आहे, रोजच्या शहरी वापरासाठी नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) वर मायलेजमध्ये थोडी घट येणारच. तेवढ्यासाठी इंजिन खोलायला देऊ नका.