कोवळा भोपळा पिवळा पडून गळतोय? परागीभवन तपासा

वेलीला फुलं भरपूर, पण बोराएवढं फळ धरतं आणि चार-पाच दिवसांत पिवळं पडून गळतं. अशा वेळी खत वाढवू नका. बहुतेकदा मादी फुलापर्यंत पुरेसे परागकण पोचलेलेच नसतात. सुरुवातीचे काही दिवस नुसती नर फुलं येतात, ती गळणं मात्र स्वाभाविक आहे.

मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांखाली इवलंसं फळ असतं. नर फुलाचा देठ सरळ, बारीक.

मधमाश्या दिसत नसतील तर हे काम हातानं करा. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, म्हणून सकाळी लवकरच, शक्यतो नऊच्या आत. त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि पिवळा परागकोश (मधला पराग असलेला दांडा) मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधोमध असलेल्या चिकट भागावर, तिच्या सगळ्या बाजूंना हलकेच फिरवा. एकाच बाजूला पराग लागले तर फळ वाकडं वाढतं. एका मादी फुलासाठी दोन नर फुलं वापरलेली बरी. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. तिथे सकाळी उशिरा गेलात तर हाती काही लागत नाही.

टोमॅटो, वांग्याला वेगळं फूल शोधायला नको. दुपारच्या आत फुलांचा घोस बोटानं हलका टिचकावला की पराग झडतात.

कीटकनाशक, अगदी कडुनिंबाचं तेलसुद्धा, उमललेल्या फुलांवर कधीच फवारू नका. फवारायचंच असेल तर मधमाश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर आणि फक्त पानांवर.