खासदाराच्या ऑफिसात बजेटचं काम करायचंय? आधी बीएसीत काय ठरतंय ते बघा

फेब्रुवारी उजाडला की खासदारांकडे लेजिस्लेटिव्ह असिस्टंट म्हणून नवीन लागलेल्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई बजेटची तयारी कुठून करू. राज्यघटनेची कलमं 112 ते 114 तुम्हाला पाठ असतातच (निम्मे जण यूपीएससी करता करताच इकडे आलेले असतात), त्यामुळे अनुदानाच्या मागण्या (कुठल्या मंत्रालयाला खर्चाला किती हवेत), त्यावर मतदान, मग विनियोजन विधेयक (तो पैसा काढायची परवानगी) हा क्रम परत सांगत बसत नाही. पण तो क्रम येणं वेगळं आणि मार्चमध्ये साहेबांच्या हातात वेळेवर उपयोगी कागद ठेवणं वेगळं.

मी जिथे अडकले ते सांगते. आमचा पट्टा कापसाचा, म्हणून मी वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या मागण्या धरून बसले. तरतूद किती, सुधारित अंदाज किती, प्रत्यक्ष खर्च किती, सगळे तक्ते तयार, कपात सूचनासुद्धा (मागणीतली रक्कम कमी करा असे प्रस्ताव) लिहून ठेवल्या, आणि लोकसभेत वस्त्रोद्योगावर चर्चाच नाही! ती होणारही नव्हती, कारण कुठल्या मंत्रालयांवर बोलायचं आणि किती तास हे बीएसीत म्हणजे कामकाज सल्लागार समितीत आधीच ठरलेलं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण कोचिंगच्या नोट्समध्ये याला एक ओळ असते. समितीत जास्तीत जास्त 15 सदस्य, लोकसभा अध्यक्ष स्वतः तिचे अध्यक्ष, बाकी वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य. सरकारला 31 मार्चच्या आत सगळं उरकायचं असतं, विरोधकांना आपल्या सोयीची मंत्रालयं चर्चेला हवी असतात, या ओढाताणीतून चार-पाच मंत्रालयं निघतात आणि त्यांना तास वाटून दिले जातात. मग समितीचा अहवाल सभागृहात येतो, तो मान्य असल्याचा प्रस्ताव मिनिटभरात मंजूर होतो, तेव्हा कोणाचं लक्षही नसतं, आणि एकदा मंजूर झाला की ते वेळापत्रक सभागृहाचं झालं. त्यातला वेळ पक्षांच्या संख्याबळावर वाटला जातो, म्हणजे तुमचे साहेब छोट्या पक्षाचे असतील तर दहा पानांचं भाषण लिहू नका, तीन-चार मिनिटांचं लिहा.

उरलेल्या मंत्रालयांचं काय होतं? गिलोटिन. लोकसभेच्या कामकाजाचा नियम 208. मागण्यांसाठी दिलेल्या दिवसांपैकी शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळेला अध्यक्ष शिल्लक सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात, होय-नाही होतं, संपलं. माझ्या कपात सूचना त्यातच गेल्या. आणि पाठोपाठ विनियोजन विधेयक येतं. नवीन लोक म्हणतात त्यावर बोलू की, दुरुस्ती देऊ. अहो, कलम 114 नुसार रक्कम किंवा ती कुठे जाणार हे बदलणारी दुरुस्ती तिथे चालतच नाही, आणि नियम 218 नुसार चर्चा झालीच तर मागण्यांच्या वेळी न निघालेल्या मुद्द्यांपुरतीच. पंगत उठल्यावर पान मांडण्यातला प्रकार.

बीएसीनं ठरवलं म्हणजे होईलच असंही नाही हं. 2018 ला आणि 2023 ला गोंधळात एकाही मंत्रालयावर चर्चा झाली नाही, 2023 मध्ये जवळपास 45 लाख कोटींचं बजेट असं निघालं. अशा वर्षी तुमची रात्ररात्रीची मेहनत वाया गेली तर त्यात तुमचा काही दोष नाही, रडू आलं तर येऊ द्या, मलाही आलंय.

यादीत असलेलं मंत्रालय मिळालं तर मात्र हलगर्जीपणा नको. कपात सूचना किमान एक दिवस आधी द्यायची. धोरणाला विरोध असेल तर मागणी 1 रुपयावर आणा, काटकसर सुचवायची तर ठरावीक रक्कम कमी करा, एखादी तक्रार मांडायची तर 100 रुपयांची कपात. व्याज, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार असल्या भारित खर्चावर कपात सूचना चालत नाही, त्यावर मतदानच नसतं. आणि सूचना छापून आली म्हणजे मांडली गेली असं नाही! चर्चा सुरू होताना अध्यक्ष सांगतात की ज्यांना मांडायच्यात त्यांनी 15 मिनिटांत अनुक्रमांक लिहून चिठ्ठी टेबलावर पाठवावी. साहेब त्या वेळी बाहेर कॉफी पीत असले तर गेली सूचना, त्यामुळे आकडे लिहिलेली चिठ्ठी सकाळीच त्यांच्या खिशात घाला आणि फोन करत रहा.

आता सीनियर लोकांबद्दल. बरेच जण मागच्या वर्षीचं भाषण पाठवतात, आकडे बदल म्हणतात. माझ्या मते ही सवय लागली की माणूस कामातून गेला. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते शेजारच्या खासदारांच्या जुन्या पीएंनी, दहावी पास माणूस, पण लोकसभेच्या बुलेटिनचा (कामकाजाच्या सूचना देणाऱ्या पत्रकाचा) भाग दोन रोज सकाळी चहाच्या आधी वाचणार.

आणि मंत्रालय यादीत नसलं तर केलेलं काम फेकू नका. स्थायी समितीचा मागण्यांवरचा अहवाल मंत्रालय चर्चेला येवो न येवो निघतोच, आमच्या विषयासाठी श्रम, वस्त्रोद्योग आणि कौशल्य विकास समितीचा, त्यातून दोन तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) आणि एक नियम 377 ची सूचना (एरवी कामकाजात न बसणारा मुद्दा मांडायची) आरामात निघते. बजेटवरची सर्वसाधारण चर्चा मागण्यांच्या आधीच होते, तिथेही तुमचा मुद्दा आधीच घालून ठेवता येतो. पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या मध्येच जादा खर्चासाठी येणाऱ्या) मात्र जपून, तिथे त्या पुरवणी मागण्यांतल्या बाबींपुरतंच बोलायचं असतं (नियम 216), मूळ बजेटवर घसरलात की समोरून कोणीतरी हरकत घेणार.

राज्यसभेच्या खासदारांकडे असाल तर मागण्यांवर मतदान तुमच्याकडे नाहीच, विनियोजन विधेयक 14 दिवसांत परत पाठवायचं एवढंच. पण काही मंत्रालयांच्या कामकाजावर तिथे चर्चा होते आणि ती मंत्रालयं कुठली हे तिथलीही बीएसीच ठरवते, तेव्हा तक्ते करायला बसायच्या आधी तुमच्या पक्षाकडून त्या बैठकीला कोण जातं ते शोधा आणि त्यांच्या पीएचा नंबर घेऊन ठेवा.