जुना मिटता चाकू पुन्हा वापरात आणताना या चुका टाळा

सोलापुरात जुन्या घराचा माळा किंवा लोखंडी पेटी आवरताना हाडाच्या नाहीतर शिंगाच्या मुठीचा मिटता चाकू सापडणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तो हाती आला की आधी चकचकीत करावा आणि मग धार लावावी, असे बहुतेकांना वाटते. चुकांची सुरुवात याच क्रमापासून होते. या चाकूंना बहुधा खटका नसतो. उघडलेले पाते केवळ पाठीकडच्या पोलादी स्प्रिंगच्या दाबाने जागेवर राहते. ज्याचा सांधा खिळखिळा आहे आणि ज्याची स्प्रिंग पाते धरून ठेवत नाही, अशा चाकूला धार लावणे म्हणजे बोट कापून घेण्याची सोय करणे होय. म्हणून आधी सांधा, मग स्प्रिंग, मग मूठ आणि सर्वांत शेवटी धार हा क्रम पाळावा.

गंजाने पाते अडकलेले असेल तर पाते उघडताना नख अडकवण्यासाठी त्यावर जी खाच असते, तिच्यात पकड घालून ते ओढू नये. तिथे पाते पातळ असते आणि जुने पोलाद वाकण्याऐवजी तुटते. तसेच मूठ व्हाईसमध्ये आवळू नये, कारण हाडाला तडा जायला फारसा दाब लागत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी आणि स्प्रिंगच्या फटीत रॉकेल व शिलाई मशीनचे तेल यांच्या मिश्रणाचे थेंब सोडून चाकू रात्रभर ठेवावा. दुसऱ्या दिवशी पात्याचा जेवढा भाग बाहेर दिसतो तेवढा जाड चामड्यात धरून पाते केसभर उघडावे आणि केसभर मिटावे, बाहेर येणारे तांबडे तेल पुसावे आणि पुन्हा थेंब सोडावेत. पाते पूर्ण उघडले की धारेवर लगेच चिकटपट्टी लावावी आणि पुढची सगळी कामे ती न काढता करावीत.

घरातली पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात, म्हणून चाकूही चिंचेच्या कोळात, लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवण्याचा मोह होतो. आम्ल गंज काढते हे खरे, पण ते गंजापाशी थांबत नाही. मुठीच्या आत बहुधा पितळी पत्रे आणि पोलादी स्प्रिंग एकमेकांना चिकटून बसवलेली असतात. त्यांच्यामध्ये शिरलेले आम्ल धुऊन निघत नाही आणि स्प्रिंगला आतून खड्डे पाडत राहते. असा चाकू बाहेरून सुंदर दिसतो आणि काही महिन्यांनी स्प्रिंग अचानक तुटते.

तेलाच्या निवडीतही आपल्याकडे एक खास चूक होते. या भागात स्वयंपाकघरात करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल हाताशी असते आणि सांध्यात तेच सोडले जाते. करडईचे तेल हवेतल्या प्राणवायूने घट्ट होत जाते, म्हणून तर ते रंग आणि वार्निशमध्ये वापरले जाते. सांध्यात ते चिकट थर धरते, त्यावर धूळ बसते आणि सुटलेला चाकू पुन्हा अडकतो. खोबरेल थंडीत गोठते. शिलाई मशीनचे हलके तेल सांध्याला उत्तम. चाकूने फळे कापायची असतील तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन वापरावे, आणि त्याआधी रॉकेलचा अंश साबणाच्या फडक्याने पुसून चाकू पूर्ण कोरडा करावा.

मूठ कशाची आहे हे ओळखल्याशिवाय तिला हात लावू नये. हाड पाण्यात भिजवले तर फुगते आणि नंतर सोलापूरच्या चाळीस अंशांवरच्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसताना खिळ्यांपाशी तडकते. कासवाच्या पाठीसारखी किंवा मोत्यासारखी चमकणारी मूठ पुष्कळदा सेल्युलॉइडची असते. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनते, झटकन पेट घेते आणि थिनर किंवा ॲसिटोन लागताच विरघळते. त्याला पॉलिशचे फिरते चाक लावणे तर निव्वळ धोका आहे. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लयुक्त वायू निघतो, आणि म्हणून अशा मुठीजवळचे पाते कितीही पुसले तरी पुन्हा पुन्हा गंजते. मूठ ओलसर, ठिसूळ आणि भेगाळलेली दिसली तर चाकू दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता इतर वस्तूंपासून वेगळा, हवेशीर ठेवावा. मूठ हस्तिदंताची निघाली तर ती विकण्याचा विचार सोडावा, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.

पॉलिशपेपरने पाते घासून आरशासारखे करणे मला तरी नासधूस वाटते. पात्याच्या बुडाशी कारखान्याची खूण ठोकलेली असते. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची तारा आणि माल्टीज क्रॉस ही खूण तर नकलाकारांनीही उचलली. ती एकदा पुसली की चाकूचे वय ठरवण्याचा मुख्य आधार गेला. बेडाग पोलाद (स्टेनलेस स्टील) शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये तयार केले, त्यामुळे त्याआधीची बहुतेक पाती साध्या कार्बन पोलादाची आहेत. तांबडा गंज तेल लावलेल्या बारीक स्टील वूलने काढावा. काळसर-निळसर डाग तसेच राहू द्यावेत, ते पात्याला अपाय करत नाहीत.

सर्वांत जास्त नुकसान धार लावणाऱ्याच्या कोरड्या विजेरी चाकावर होते. पातळ पाते क्षणात तापते आणि धारेवर निळी छटा आली की पोलाद सुमारे तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत गेले, म्हणजेच त्याचे पाणी (कडकपणा) उतरले असे समजावे. मग कितीही धार लावा, ती टिकत नाही. धार हाताने, ओल्या दगडावर, जुना कोन सांभाळूनच लावावी.

चाकावर होणारी दुसरी चूक पात्याच्या टोकाबाबतची आहे. तुटलेले टोक धारेच्या बाजूने घासून नवे काढले तर ते पाठीकडे सरकते, आणि चाकू मिटल्यावर मुठीबाहेर डोकावते. खिशात हात घालणाऱ्याला ते लगेच कळते. टोक नेहमी पाठीच्या बाजूने घासून खाली आणावे, म्हणजे ते मुठीत लपते. टोक न मोडताही बाहेर राहत असेल तर आधी मुठीच्या खोबणीत दाबून बसलेला कचरा बांबूच्या काडीने काढून पाहावा, कारण पुष्कळदा दोष तेवढाच असतो. तरीही टोक बाहेर राहिले तर पात्याच्या बुडाशी धारेच्या बाजूला जो छोटा उंचवटा असतो आणि मिटल्यावर जो स्प्रिंगवर टेकतो, त्यावर बारीक कानस एक-दोनदाच फिरवून चाकू मिटून पाहावा. या उंचवट्यामुळेच धार स्प्रिंगवर आपटत नाही. तो जास्त घासला गेला तर प्रत्येक वेळी मिटताना धार बोथट होईल, आणि घासलेले धातू परत येत नाही.

पाते डावी-उजवीकडे हलत असेल तर लोक सांध्याच्या खिळ्यावर हातोडा मारतात. खिळा दबतो, पण पाते जाम होते. खिळ्याचे एक टोक ऐरणीवर टेकवून दुसऱ्या टोकाच्या कडेकडेने गोल तोंडाच्या लहान हातोडीने हलके टोले द्यावेत आणि दर दोन-तीन टोल्यांनंतर पाते उघडून पाहावे. सांध्यावर धातूची टोपी नसून हाड थेट खिळ्याला लागलेले असेल तर हे काम करूच नये. स्प्रिंगची परीक्षा धारेवर पट्टी असतानाच घ्यावी: पाते पूर्ण उघडून त्याची पाठ लाकडी पाटावर हलकी दाबावी, बोटे मिटण्याच्या वाटेतून दूर ठेवावीत. तेवढ्याने पाते मिटले तर स्प्रिंग गेली आहे, तिला वाकवून ताठ करण्याचा प्रयत्न ती तोडतो. नवी स्प्रिंग बसवण्यासाठी चाकू पूर्ण सुटा करावा लागतो, म्हणून तो जाणत्या कारागिराकडेच द्यावा किंवा कपाटात शोभेला ठेवावा.

दुरुस्त झालेला चाकू चामड्याच्या म्यानात साठवू नये, चामडे ओलावा धरते. तो गड्ड्याच्या यात्रेत किंवा मिरवणुकीत खिशात नेणेही टाळावे, कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश काढतात. घरी डाळिंब कापल्यावर पाते निळे-काळे पडले तर घाबरू नये, सालीतले टॅनिन लोखंडाशी संयोग पावून तो रंग येतो. मात्र रस सुकण्याआधी पाते पुसून सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा.