पिल्लाच्या अंगावरून रोज फिरणारा हात

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गावठी कुत्री व्याली होती. तिच्या पाच पिल्लांपैकी सर्वांत काळे पिल्लू दोन महिन्यांचे झाल्यावर आम्ही ते तिसऱ्या मजल्यावर आणले, तेव्हा पुण्यात जून नुकताच लागला होता. भुंगा हे नाव आईने ठेवले. पहिल्या आठवड्यात मी हौसेने जमवलेले सामान आठवले की आजही हसू येते: दोन प्रकारचे ब्रश, एक कंगवा, तीन शाम्पू, एक पिवळा रेनकोट आणि गळ्यातले घुंगरू. त्यातला बारीक दातांचा तो साधा कंगवा सोडला, तर बाकी सारे माळ्यावर पडून आहे. वर्षभर खरा उपयोग झाला तो रोज संध्याकाळी दहा मिनिटे, ठरलेल्या क्रमाने, त्याच्या सर्वांगावरून हात फिरवण्याच्या सवयीचा, आणि ही सवय मला आमच्या डॉक्टरांनी लावली.

पहिल्याच भेटीत त्यांनी जंताचे औषध दिले, वजन घेतले आणि म्हणाले, "याला आधी हात लावून घ्यायला शिकवा, म्हणजे पुढे मला याचे तोंड बांधावे लागणार नाही." त्यांचे म्हणणे असे की पिल्लाला काहीही दुखत नसताना त्याचे पंजे, कान आणि ओठ रोज हाताळले, आणि प्रत्येक वेळी उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा दिला, तर पुढे खरोखर काही दुखू लागल्यावर ते अंगावर येत नाही. आमचा क्रम नाकापासून शेपटीपर्यंतचा आहे: ओठ उचलून हिरड्या पाहायच्या, कान उलटा करून वास घ्यायचा, गळपट्ट्याखाली आणि बगलेत बोटे फिरवायची, चारही पंजांची बोटे फाकवून पाहायची, मग पोट आणि शेवटी शेपटीखालचा भाग. पहिल्या पंधरा दिवसांत भुंग्याने माझे मनगट चावून लाल केले होते. त्यानंतर मात्र घड्याळात आठ वाजले की तो स्वतःच चटईवर येऊन आडवा होऊ लागला.

या सवयीत खंड पडला की काय होते, हे मी पहिल्याच गणपतीत शिकले. घरात पाहुणे होते, दहा दिवस आठ कधी वाजत तेही कळत नव्हते, आणि भुंगा ज्याच्या त्याच्या मांडीवर झोपत होता. विसर्जनानंतरच्या आठवड्यात त्याचे खाणे कमी झाले. गर्दीने दमला असेल, असे आम्ही दोन दिवस एकमेकांना सांगत राहिलो. तिसऱ्या दिवशी मी ओठ उचलला, तर एरवी पेरूच्या गरासारखी गुलाबी असणारी हिरडी खडूसारखी पांढरट दिसली. हिरडीवर बोट दाबून सोडले की साधारण दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. तो रेंगाळत होता. ताप 104 अंश फॅरेनहाइट निघाला. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 अंश असते, त्यामुळे माणसाच्या हिशेबाने "अंग कोमट लागतेय" म्हणून निष्कर्ष काढू नये. रक्ततपासणीत प्लेटलेट्स घसरलेल्या दिसल्या. निदान गोचीडतापाचे होते. अठ्ठावीस दिवस गोळ्या चालल्या आणि भुंगा सावरला. त्या दिवशी दवाखान्याच्या टेबलावर त्याच्या कानाच्या बुडाशी, कातडीची जी छोटी दुहेरी घडी असते तिच्यात, तीन गोचिड्या सापडल्या. त्यातली एक रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगली होती.

गोचीड काढताना चिमट्याने ती कातडीच्या अगदी लगत धरावी आणि न पिळता सरळ वर ओढावी. रॉकेल ओतणे किंवा काडी लावणे हे जुने उपाय कुत्र्याला भाजतात आणि गोचीड मरण्याआधी जखमेत आणखी लाळ सोडते. काढलेली गोचीड नखाने चिरडू नये. स्पिरिट भरलेल्या बाटलीत टाकावी. नव्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की मादी पोट भरल्यावर अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, कपाटामागे, पायपुसण्याखाली हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याला औषध लावून घर तसेच ठेवले, तर दोन महिन्यांत सारे पुन्हा सुरू होते. मानेवर टाकायचे थेंब किंवा तोंडाने द्यायची गोळी डॉक्टरांनी वजनानुसार ठरवावी. घरात मांजर असेल, तर कुत्र्याचे थेंब तिच्यासाठी कधीही वापरू नयेत, कारण काहींमधले पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेतते.

लसींचे वेळापत्रक डॉक्टर पुस्तिकेत लिहून देतात: सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस, मग सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे, तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. जंताचे औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी असते. लसी पुरत्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर किंवा बागेत खाली सोडू नये, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो आणि नेहमीच्या फिनेलने मरत नाही. त्याला ब्लीच लागते. उलट्या आणि दुर्गंधीयुक्त रक्ताचे जुलाब दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. मात्र याचा अर्थ पिल्लाला कोंडून ठेवणे असा नाही. आम्ही भुंग्याला कडेवर घेऊन रोज चौकापर्यंत नेत असू, म्हणून त्याला बसचा हॉर्न आणि ढोल-ताशा दोन्ही ओळखीचे झाले. पावसाळ्यात साचलेले पाणी पिऊ देऊ नये. उंदराच्या मुतातून येणारा लेप्टो हा आजार कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. पिल्लू चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन आपण आपल्या डॉक्टरांकडे जावे. "घरचेच पिल्लू आहे" हे कारण तिथे चालत नाही.

आंघोळीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तीन-चार आठवड्यांतून एकदा, कोमट पाण्याने आणि कुत्र्यांसाठीच्याच शाम्पूने घालावी, आणि मुख्य म्हणजे मुळापर्यंत कोरडे करावे. कानात पाणी राहिले की दमट हवेत बुरशी धरते आणि आंबूस वास येऊ लागतो. कापसाची काडी आत घालू नये, बोटाला कापूस गुंडाळून दिसेल तेवढेच पुसावे. नखांचे प्रकरण मात्र मला जड गेले. भुंग्याची नखे काळी असल्यामुळे आतली रक्ताची शीर दिसत नाही, आणि पहिल्याच दिवशी मी जरा जास्त कापले. फरशीवर पडलेले थेंब पाहून आई देवघरातून हळद घेऊन धावली. मी स्वयंपाकघरातले कॉर्नफ्लॉवर चिमूटभर दाबून धरले आणि दोन-तीन मिनिटांत रक्त थांबले. तेव्हापासून मी नख तांदळाएवढेच कापते आणि कापलेल्या भागाच्या मध्यभागी काळा ठिपका दिसला की थांबते.

घर सुरक्षित करायचे असेल, तर एकदा जमिनीवर पालथे पडून सगळ्या खोल्या पाहाव्यात. मला त्या उंचीवरून मिक्सरची लोंबणारी वायर, पलंगाखालची डांबरगोळी आणि बाल्कनीच्या गजांमधली एक फट दिसली, जिच्यातून भुंग्याचे डोके आरामात गेले असते. गजांना आतून जाळी मारली, डांबरगोळ्या फेकल्या, आणि गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकत होते म्हणून जुन्या सतरंज्या अंथरल्या. कुंड्यांपैकी कण्हेर आणि सायकस ही दोन्ही झाडे विषारी असल्यामुळे ती गच्चीवर गेली. उंदराचे औषध घरात ठेवूच नये; ते खाल्ल्यावर काही दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो आणि मग अंगात रक्तस्राव सुरू होतो.

खाण्यातला धोका बहुधा प्रेमातून येतो. सत्यनारायणाच्या दिवशी शेजारच्या काकूंनी "देवाचा प्रसाद आहे गं, एवढासा दिला तर काय होतंय" म्हणत त्याला बेदाणे घातलेला शिरा भरवला. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पडू शकते, आणि किती खाल्ले तर चालते याचा भरवशाचा आकडा नाही. आम्ही अर्ध्या तासात दवाखाना गाठला, तिथे उलटी करवून तीन बेदाणे बाहेर आले. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, तेही घातक ठरते. चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगममधले झायलिटॉल यांची माहिती आता बऱ्याच जणांना असते, पण आपल्या घरांत कांदा-लसणाची आमटी पोळीत कुस्करून सर्रास दिली जाते आणि त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. काकूंना मी हे सारे समजावले. त्या आता त्याच्यासाठी वेगळा भोपळा उकडतात, बिनमिठाचा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

रात्री उघड्या असणाऱ्या एका दवाखान्याचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा आणि तिथपर्यंतचा रस्ता दिवसा एकदा जाऊन पाहावा. खर्चाची चिंता असेल, तर मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी जे जवळ असेल तिथल्या दवाखान्याची चौकशी करावी. रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण महानगरपालिकेच्या परवान्यासाठी ते लागते. पिल्लू विकत घेणार असाल, तर 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही, हे विक्रेत्याला तोंडावर सांगावे.

सध्या पाऊस सरला आहे आणि टेकडीवरचे गवत वाळले आहे. काल रात्री उजव्या पुढच्या पंजाच्या दोन बोटांमध्ये माझ्या बोटाला बारीक टोचले. दिव्याखाली पाहिले, तर गवताचे कुसळ अर्धे आत शिरले होते आणि भोवती लाली धरू लागली होती. चिमट्याने ते अख्खे बाहेर आले, जागा मी सलाइनने धुतली, आणि भुंगा तोपर्यंत घोरू लागला होता.